मावशींची हातोडी आणि बिडाचं चाक

मित्रांनो, मी एक जुनं चाक आहे. बिडाचं, कमरेइतकं उंच आणि पहिल्यापासून घाबरट. पत्र्याला भोकं पाडणाऱ्या प्रेस मशीनच्या बाजूला मी फिरतो. माझ्या जोरावरच भोक पाडणारा वरचा ठोसा दणक्यात खाली येतो. माझ्यापासून हातभर अंतरावर, स्टुलावर मशीन चालवणाऱ्या मावशी बसतात. मी फिरता फिरता फुटलो, तर पहिला तुकडा कुणाला लागेल हे वेगळं सांगायला नको.

मला मावशींच्या वडिलांनी ओतलं. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतून त्यांनी मला दोन दिवस तसंच निवू दिलं. घाई केली असती, तर मी पांढरं बीड झालो असतो; इतकं कडक, की कानसही लागत नाही. सावकाश निवलो म्हणून करडं बीड झालो. माझ्या अंगात कार्बनच्या बारीक पापड्या आहेत. त्यांच्यामुळे मशीनची थरथर मी पोटात घालतो, पण जोराचा हिसका बसला की त्या पापड्यांपाशीच तडकतो. माझ्या मधोमध बसवलेला दांडा मिश्रपोलादाचा. त्यात निकेल आहे, क्रोमियम आहे. तो वाकेल, पण मोडणार नाही. त्याला कसलीच काळजी नसते, म्हणून त्याच्या वाटणीचीही मीच करतो.

रोज मशीन सुरू करण्याआधी मावशी मला छोट्या हातोडीने ठोकून बघत. सवय वडिलांची. धड बीड टण्ण वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. "आमच्या बाबांनी काय ओतलंय, ऐका," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी मात्र आवाज निघेपर्यंत धास्तावलेलाच असायचो. बावीस वर्षं टण्ण वाजलो.

मागच्या आठवड्यात घात झाला. साध्या पोलादाच्या पत्र्यांत स्प्रिंगच्या मिश्रपोलादाचा एक पत्रा मिसळला गेला. दिसायला दोन्ही सारखेच, पण हा फारच कडक. ठोसा त्यावर आदळला आणि मशीन जागच्या जागी अडकलं. दांड्याला ओरखडासुद्धा नाही. माझ्या एका आऱ्याला बोटभर भेग पडली.

मशीनची दुरुस्ती बघणाऱ्या फिटरकाकांनी घाईघाईत लोखंडी फाटकं बनवणारा वेल्डर बोलावला. "लोखंड ते लोखंड," असं म्हणत त्याने माझ्या थंडगार अंगावरच वेल्डिंग मारलं. फाटकाच्या पोलादाला ते चालतं. बीड आधी सगळं तापवावं लागतं आणि मग राखेत हळूहळू निववावं लागतं. तो गेला, काकांनी वरून हिरवा रंग फासला, आणि रंगाखाली मी वेल्डिंगच्या कडेने पुन्हा तडकलो. हे फक्त मला ठाऊक होतं.

आज सकाळी मावशींनी हातोडी उचलली.

"रंग ओला आहे, मावशी, डाग पडेल," काका म्हणाले. "मालक आत्ताच बघून गेले, खूश आहेत. आजचा दिवस राहू द्या."

मावशींनी हातोडी खाली ठेवली. स्टूल ओढलं, चष्मा पुसला, बटणाकडे हात नेला. माझा जीव टांगणीला लागला. आयुष्यभर मी चांगलं वाजावं म्हणून धडपडलो होतो. आता मला एकदाच वाईट वाजायचं होतं, आणि कुणी वाजवतच नव्हतं.

मावशींचा हात मागे आला. "नको बाई, तोंड न धुता जेवायला बसल्यासारखं वाटतंय. डाग पडला तर मी पुसेन."

मी बद्द वाजलो.

"रंगामुळे असेल," काका म्हणाले. मावशींनी मशीनची मुख्य वायर काढून ठेवली. काकांनी पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडला. भेग आता वीतभर झाली होती. "हे बीड आहे, हे मी वेल्डरला सांगितलंच नाही," ते म्हणाले.

आता मी दाराशी भिंतीला टेकून उभा आहे. उद्या मला वितळवायला भट्टीत नेणार आहेत. माझ्या जागी येणाऱ्या चाकाचं बीड वेगळं आहे. त्यात कार्बनच्या पापड्या नाहीत, गोळ्या आहेत, त्यामुळे ते सहजासहजी तडकत नाही म्हणे. मला त्या 'म्हणे'चीच भीती वाटते. मित्रांनो, यंत्र कितीही भक्कम असलं, तरी चालवण्याआधी त्याची रोज विचारपूस करा. आम्हाला हाक मारता येत नाही, पण विचारलं तर आम्ही खरं सांगतो.

आज संध्याकाळी घरी जाताना मावशी माझ्यापाशी थांबल्या. सवयीने हातोडी मारली. मी पुन्हा बद्द वाजलो. त्यांनी पदराने माझ्यावरचा हिरवा डाग पुसला.

"सांगितलंस रे वेळेवर," त्या म्हणाल्या, आणि हातोडी नव्या चाकाच्या जागेपाशी ठेवून गेल्या.