संगनबसप्पाचा हात

कानात बोलणाऱ्या आवाजांचं ऐकून इलकलच्या संगनबसप्पानं स्वतःचं मनगट चिरून घेतलं होतं. रक्त थांबलं, पण तीन बोटं मिटेनात. बोटं ओढणाऱ्या आतल्या दोऱ्या, कंडरा, तुटल्या होत्या आणि हा माणूस पोटासाठी मागावर साड्या विणत होता.

"वरून टाके घाला," सर्जन हिरेगौडर म्हणाले. "कंडरा जोडून काय उपयोग? परत कापेल तो. आणि आधी मनोविकारवाल्यांचा शेरा आणा."

मनोविकारवाले म्हणाले, आधी ऑपरेशन उरका. दोन घरचा पाहुणा उपाशी! वेड्याचा नंबर शेवटी, हा त्या इस्पितळाचा कुठेही न लिहिलेला नियम होता आणि तो पाळण्यात कुणी कसूर करत नसे.

ऑपरेशनच्या टेबलावर आधी घ्यायचा होता कुणा अध्यक्षाचा हर्निया. भूल देणाऱ्या विशालाक्षीनं भरलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली.

"हर्निया उद्याही तिथंच असेल, सर. या कंडरा आखडून जातील. आधी हात."

"बाई, फुकट जाईल सगळं. सांगतोय ना, परत येणार तो."

"साखरेचा पेशंट जिलेबी खाऊन परत येतो. त्याचा पाय शिवताना विचारता का, परत खाशील का म्हणून?"

हिरेगौडर चरफडले, पण हात धुवायला गेले. कंडरा जोडल्या मात्र अशा सुबक, की तिला अधिकच चीड आली. येत होतं ना सगळं! मग अडलं कुठं होतं?

हर्निया आटोपून संध्याकाळी ती वॉर्डात गेली. फळी लावलेला तोच हात पट्टीनं खाटेला करकचून बांधलेला. बोटं सुजून निळी पडलेली.

"हे कुणी केलं?"

"मेंटल पेशंटला बांधतोच आम्ही, मॅडम," नर्स म्हणाली. "पळून गेला तर?"

विशालाक्षीनं कात्री हिसकावून पट्टी कापली. "हिरेगौडर सरांना बोलवा. आत्ता! पळा!"

पायथ्याशी बसलेली त्याची बहीण नीलव्वा रडकुंडीला आली होती. "मी सांगितलं हो, बोटं काळी पडतायत. तर म्हणतात, तूही त्याच्यातलीच का?"

विशालाक्षीनं एकेक नख दाबून पाहिलं. दोन बोटांत रंग हळूहळू परतला. मधल्या बोटात येईना.

"मला सांगायचं नाहीस का रे, दुखतंय म्हणून?"

"सांगितलं की, अक्का," संगनबसप्पा म्हणाला. "त्या नर्सबाई म्हणाल्या, भास होतायत तुला."