सोरामामे यांच्यासाठी राखीव

त्या चाळीस मिनिटांत सोरामामे काय करत होती, हे मी पाहिलेलं नाही. मी तेव्हा यामागाता शहरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, पातळ प्लास्टिकच्या पाकिटात पडून होतो. ती कोणत्या गावात होती हेही मला ठाऊक नाही. त्या वेळेविषयी मी जे सांगेन ते तिने नंतर लिहिलेल्या काही ओळींवरून. ऐकीव गोष्टीला पुरावा म्हणू नये, हे मला कळतं; पण माझ्याजवळ दुसरं काही नाही.

मी एक कार्ड आहे, हिनोसे धरणाचं. आकार पत्त्यांतल्या पानापेक्षा जरा मोठा. पुढच्या बाजूला धरणाचं छायाचित्र, पाठीवर उंची, लांबी, पाणीसाठा आणि बांधकाम संपल्याचं वर्ष. या देशात पुष्कळ धरणांची अशी कार्डं निघतात आणि ती जमवणारी माणसंही पुष्कळ आहेत. आम्ही मुळात विकायच्या वस्तू नव्हेत. जो स्वतः धरणावर येईल त्याच्या हाती, माणशी एक, असा रिवाज.

माझी छपाई पहिली. छायाचित्र घेतलं ते साल कोरडं गेलं होतं. जलाशय खोल उतरला होता आणि माझ्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, चिखलाच्या रंगात, दगडी पायऱ्यांसारखं काहीतरी उघडं पडलेलं आहे. दुसऱ्या छपाईला कचेरीने काठोकाठ भरलेल्या पाण्याचं नवं छायाचित्र घेतलं. धरण दाखवायचं तर पाणी दिसायला हवं, हे म्हणणं रास्तच आहे. त्यामुळे तो कोपरा फक्त पहिल्या छपाईच्या कार्डांवर राहिला.

तेत्सुरो मला घ्यायला मोटारसायकलवरून आले होते. पेशाने ते जमिनीची मोजणी करणारे. धरणाच्या कचेरीच्या खिडकीपाशी त्यांनी ओले हातमोजे काढले, हात रुमालाला पुसले आणि मला दोन्ही हातांनी घेतलं. त्यानंतर अकरा वर्षं मी त्यांच्या कार्डांच्या वहीत होतो. मग त्यांचे गुडघे गेले, मोटारसायकल गेली, आणि मागच्या शरदात मुलीकडे सेंदाईला राहायला जायचं ठरलं. तिथे त्यांच्या वाट्याला एकच खोली होती. वह्या कमी करायचं काम त्यांच्या पत्नीने, शिगेयोबाईंनी, अंगावर घेतलं. पालिकेच्या नोंदणी खात्यात तीस वर्षं काढलेली ती बाई. दोनदा पडताळल्याशिवाय चहात साखरही घालत नसे.

"विकतेस?" तेत्सुरो म्हणाले. "जे फुकट मिळालं ते?"

"फुकट? पेट्रोल काय धरणातून भरत होतात? आणि भिजून आलात की आठ-आठ दिवस पेज कोण करून घालत होतं?"

"मग पेजेचेही लाव त्यात."

"लावलेत."

शिगेयोबाईंनी फोनवरच्या खरेदी-विक्रीच्या ॲपमध्ये माझं पान लावलं. छायाचित्र काढताना खिडकीचा उजेड पाकिटावर चमकला आणि नेमका डावा कोपरा पांढरा झाला. पानाखाली त्यांनी लिहिलं, 'घेण्याआधी कृपया दोन शब्द लिहावेत.' हा त्यांचा एकटीचा हट्ट नव्हता. या व्यवहारात नमस्कार आधी असतो. घेणारा लिहितो, 'अचानक लिहीत आहे, क्षमा असावी.' विकणारा लिहितो, 'आपण लक्ष घातलंत, आभारी आहे.' बोलणं जुळलं की विकणारा पानाचं शीर्षक बदलतो आणि अमुक यांच्यासाठी राखीव असं लिहितो. मग बाकीचे तिथे हात घालत नाहीत. हे सगळं माणसांनी आपसांत ठरवलेलं. ॲपच्या नियमांत यातलं एक अक्षर नाही. त्याला खरेदीचं एक लाल बटण ठाऊक आहे, आणि ते कुणीही दाबू शकतं.

पहिल्या दिवशी एकाने नुसतं 'कमी होईल का?' एवढंच लिहिलं.

"ना नमस्कार, ना चमत्कार," शिगेयोबाई म्हणाल्या.

"आपल्या जावयाचा भाऊ दिसतोय," तेत्सुरो म्हणाले.

रविवारी जेवणं आटोपल्यावर सोरामामेचा निरोप आला. सोरामामे म्हणजे घेवड्यासारखी एक शेंग. ॲपवर माणसं अशीच नावं घेतात. शिगेयोबाईंनी तो मोठ्याने वाचला. अचानक लिहिल्याबद्दल क्षमा मागून तिने लिहिलं होतं की तिची आई तोचिदाइरा गावची. ते गाव हिनोसेच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा आई नववीत होती. आता तिला एकाच डोळ्याने दिसतं, आणि तोही नव्या वर्षापर्यंत टिकेल असं डॉक्टरांना वाटत नाही. त्या कोरड्या सालात आपल्या घराच्या पायऱ्या वर आल्या होत्या, असं आई सांगते. मामा म्हणतो, आपलं घर समोरच्या तीरावर होतं, ताई मनाचं सांगते. 'सर्वांत खालची पायरी अर्धीच होती, आजोबांच्या हातून ती फुटली होती, असं आई म्हणते. आपल्या कार्डावर ती तशी दिसते का, एवढं पाहून सांगाल का?'

तेत्सुरोंनी भिंग आणलं. दोघांची डोकी माझ्यावर एकमेकांना लागली.

"अर्धीच आहे," तेत्सुरो म्हणाले. "लिहून टाक."

"मला सावली वाटते."

"तीस वर्षं जमिनी मोजल्यात मी!"

"मोजल्यात ना? मग सांगा, दगड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते?"

तेत्सुरोंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. मला या वेळी वाचा असती तरी उपयोग नव्हता. तो कोपरा माझ्या अंगावर आहे, पण मी तो कधी पाहिलेला नाही. कुणाला स्वतःची हनुवटी दिसत नाही, तसं.

"हो म्हणालीस तर काय बिघडेल?" ते पुन्हा म्हणाले. "म्हातारी सुखाने डोळे मिटेल."

"आणि चूक असलं तर? तिचा भाऊ उद्या भिंग घेऊन बसेल. मी नाही खोटी नोंद करणार." शिगेयोबाईंनी लिहिलं, 'आम्हा दोघांना खात्रीने सांगता येत नाही. जिचं घर होतं तिनेच पाहावं. कार्ड आपल्यासाठी राखून ठेवते, सावकाश घ्यावं.' मग त्यांनी पानाचं शीर्षक बदललं: सोरामामे यांच्यासाठी राखीव.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन पन्नासला फोन वाजला. शिगेयोबाई हसत उठल्या, आणि मग उभ्याच राहिल्या.

"गेलं," त्या म्हणाल्या.

"घेतलं ना तिने?"

"हागाने नावाच्या कुणीतरी घेतलं."

काही मिनिटांतच सोरामामेचा निरोपही आला. आभाराचा मजकूर ती आईला वाचून दाखवत होती. आईने दोनदा शब्द बदलायला लावले. घाई करून आधी बटण दाबावं असं तिला वाटलं होतं, पण आई म्हणाली, 'पैसे पुढे आणि नमस्कार मागून, असं बाजारातही कुणी करत नाही.' शेवटी लिहिलं होतं, 'उशीर माझ्याकडूनच झाला. ज्यांनी घेतलं त्यांना कृपया काही बोलू नये. या पानावर येऊन आपल्याला पुन्हा त्रास देणार नाही.'

शिगेयोबाईंनी तरीही हागानेला लिहिलं. कार्ड दुसऱ्या कुणासाठी राखलं होतं, त्यामागे एक वृद्ध बाई आहे, तिला डावा कोपरा पाहायचा आहे, व्यवहार रद्द करायला आपली संमती मिळेल का? उत्तर तासाभरात आलं, आणि त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. आपल्या मनाला क्लेश दिल्याबद्दल त्याने मनापासून क्षमा मागितली होती. चार वर्षं तो पहिल्या छपाईच्या शोधात होता. राखीव हा शब्द त्याने वाचला होता. परंतु ॲपच्या नियमांत तसं काही नाही आणि बटण चालू होतं. थंडी वाढते आहे, प्रकृतीस जपावं. कार्ड वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावल्यास उपकार होतील.

"किती वाकून नमस्कार करून खिसा कापलाय बघ!" तेत्सुरो म्हणाले. "नाही पाठवत म्हणावं. हरवलं म्हणावं."

"हरवलेलं नाही."

"अगं, कार्ड माझं आहे!"

"होतं. दोन पन्नासपर्यंत."

हागानेला चोर म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. त्याने नियम मोडला नाही. सोरामामेने रीत मोडली नाही. शिगेयोबाईंनी दोन्ही पाळलं. या तिघांपैकी एकजण जरी थोडा उर्मट किंवा थोडा खोटारडा असता, तर मी आज त्या म्हातारीच्या भिंगाखाली असतो, असा माझा हिशेब आहे, आणि तो मला अजिबात आवडत नाही.

त्याच संध्याकाळी शिगेयोबाईंनी मला पाकिटातून बाहेर काढलं, दिवा बाजूला सरकवला आणि फक्त डाव्या कोपऱ्याची सहा छायाचित्रं काढली. निरोपासोबत छायाचित्र जोडायची सोय त्या ॲपमध्ये नाही, आणि एकमेकांचा पत्ता विचारायला बंदी आहे. म्हणून त्यांनी एक नवंच पान लावलं. शीर्षक होतं, 'सोरामामे यांनी फक्त पाहण्यासाठी. विक्रीला नाही.' जुन्या पानाखाली त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. उत्तर आलं नाही. त्रास देणार नाही असं सोरामामेने लिहिलं होतं, आणि ती शब्दाची पक्की असावी.

सकाळी पाहिलं तर नवं पान काढून टाकलेलं होतं. कारण दिलं होतं: विक्रीला नसलेली वस्तू मांडता येत नाही.

"नियमाने बरोबर आहे," शिगेयोबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"खड्ड्यात गेला नियम. कुणी पाहिलं का ते सांग."

त्यांनी चष्मा लावला. पान गेलं तरी ते किती जणांनी पाहिलं याची नोंद त्यांच्या यादीत उरली होती. विकणाऱ्याचं स्वतःचं पाहणं त्यात धरत नाहीत. "एक," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तिनेच पाहिलं!"

"किंवा ज्याने पान काढलं त्याने. किंवा हागानेने."

"तू कधीतरी एखादी गोष्ट बरी होऊ देत जा, शिगेयो."

शिगेयोबाईंनी कात्री घेतली. दोन पुठ्ठे मापाने कापले, मला मधे ठेवलं, आणि हातानेच आभाराची चिठ्ठी लिहिली. तीही रीतच. लिहिताना एकदा कागद बदलला. पहिल्या कागदावर काय होतं ते त्यांनी तेत्सुरोंनाही दाखवलं नाही.

आता मी हागानेच्या वहीत आहे. त्याची बोटं स्वच्छ असतात, तो मला कडांनीच धरतो आणि ऊन लागू देत नाही. माझ्याविषयी त्याने ॲपवर शेरा दिला तो सर्वांत वरचा. तो माझी छपाई पाहतो, शाई पाहतो, पाठीवरचा क्रमांक पाहतो. कोपऱ्याकडे तो एकदाही वाकलेला नाही. शिगेयोबाईंच्या निरोपानंतर तो तिकडे पाहायचं टाळतो, असंही असू शकेल. माणसाच्या मनातलं मला वाचता येत नाही. वही मिटली की माझ्यासमोर दुसऱ्या धरणाचं कार्ड येतं, आणि त्याचं पाणी काठोकाठ भरलेलं आहे.

तुमच्यापैकी कुणी कार्डं जमवत असाल, तर एवढंच सांगणं आहे: नमस्कार जरूर करा, पण ज्याचा डोळा जायच्या वाटेवर आहे त्याला नमस्काराच्या रांगेत उभं करू नका. हे मी कुणाला सांगतो आहे आणि ते तिथवर पोहोचेल का, याची मला खात्री नाही.

नवं वर्ष लागून तीन आठवडे झाले आहेत. शिगेयोबाईंनी लावलेलं ते पान एका माणसाने उघडून पाहिलं होतं. तो माणूस कोण, हे अद्याप कळलेलं नाही.