चेअरमनसाहेबांच्या उसाचा नंबर

आराधना साळवे भैरोबा साखर कारखान्याची संगणक विभागप्रमुख होती. विभागात तिच्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं, हा भाग वेगळा. केडगावच्या घरी बसून चाळीस किलोमीटरवरच्या कारखान्याचा सर्व्हर तिला हाताळता यायचा. त्यासाठी जे रिमोट लॉगिनचं सॉफ्टवेअर होतं, ते चार वर्षांत कुणी बदललं नव्हतं. त्यात भोक सापडलंय, बाहेरचा माणूस किल्लीशिवाय आत येऊ शकतो, नवं फुकट आहे ते टाका, असं बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं होतं. आराधनानं तीन अर्ज दिले. तिसऱ्याला चेअरमन आप्पासाहेबांनी तिला बोलावलं.

"चालतंय ना ते?"

"चालतंय साहेब, पण..."

"मग चालत्या गाडीला खीळ कशाला? आन् हाय काय त्या डब्यात? उसाच्या नोंदी. मॅडम, ऊस चोरायचा म्हणला तर खांद्यावर न्यावा लागतो. इंटरनेटवरनं न्हाई जात."

तरी संचालक मंडळानं अभ्यास समिती नेमली. समितीनं महाबळेश्वरी दोन दिवस कसून अभ्यास केला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.

हंगाम सुरू झाला. तोडणीची यादी सभासदांच्या मोबाईलवर गेली आणि तासाभरात आप्पासाहेबांसकट अकराच्या अकरा संचालक कारखान्यातल्या आराधनाच्या खोलीत घुसले. दरसाल पहिला नंबर आप्पासाहेबांच्या उसाचा, मग संचालकांचा, मग त्यांच्या मेव्हण्यांचा. यंदा पहिलं नाव दीड एकरवाल्या मुक्ताबाईचं होतं. आप्पासाहेब चौदाशे बाराव्या नंबरावर होते.

आराधनानं तपासलं. रविवारी दुपारी कुणीतरी त्याच भोकातून आत येऊन वीस मिनिटं काम करून गेलं होतं. तिनं यादी लागणीच्या रजिस्टरशी ताडून पाहिली. एकही चूक नव्हती. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. कारखान्याच्या नियमात लिहिलं होतं, अगदी तसंच. तिला हसू आलं.

"पोलिसात तक्रार द्या!" आप्पासाहेब गरजले.

"देते साहेब. पण काय बदललं ते लिहावं लागेल. आपली लागण उशिराची, जानेवारीची असून नंबर पहिला होता, चोरट्यानं तो नियमाप्रमाणं केला, असं लिहू?"

आप्पासाहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"तक्रार ऱ्हाऊ द्या. जुनी यादी परत टाका."

"टाकते. तेवढा लेखी आदेश द्या."

आप्पासाहेबांनी पेन काढलं, कोऱ्या कागदाकडं बघितलं आणि पेन खिशात परत ठेवलं. "आधी ते कुलूप बदला," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता."

अकरा संचालकांच्या देखत, एकानं नारळ फोडल्यावर, सात मिनिटांत अपडेट झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: 'चेअरमनांच्या दूरदृष्टीमुळे कारखान्याची संगणक यंत्रणा सुरक्षित'.

आठवड्यानं मुक्ताबाई पदराखाली गुळाची ढेप घेऊन आली. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिचा ऊस तुरे येऊन वजन घटायच्या आत तुटला होता.

"बाई, कोन हुता गं त्यो? त्याला द्यायची हुती."

"ठाऊक नाही, मावशी. आणि आता तो यायचा नाही. दार मीच बंद केलंय."

"आगं बया! मग पुढल्या साली कसं?"

मावशी गेल्यावर आराधनानं अख्खी यादी लागणीच्या तारखांसकट छापली आणि वजनकाट्याजवळच्या फलकावर, ट्रॅक्टरवाले रांगेत थांबतात तिथं, डकवून टाकली.