निशिकांतच्या घरातले अर्धे वल्हे

मित्रांनो, मी एक जुने वल्हे आहे, आणि तेही अर्धेच. पाते आणि हातभर दांडा, एवढेच माझे उरले आहे. गेली सात वर्षे मी सिंगापूरला, पुंगोलच्या एका फ्लॅटमध्ये राहिले. खिडकीतून खाली पाणी दिसे, पण त्यात मला कधी कोणी बुडवले नाही.

माझा जन्म अलास्कातला. वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या वाटाड्याने एकाच फळीतून आम्हाला तासून काढले, मला आणि माझ्या जोडीदाराला. वॉल्टर पाहुण्यांना होडीतून सॅमन मासे धरायला नेई. होडी सपाट बुडाची. नदी तिला आपसूक पुढे नेई. आमचे काम तिला आवरून धरण्याचे. चौदा उन्हाळे आम्ही एका लयीत पाण्यात शिरलो आणि बाहेर आलो. त्या नदीवर दिवसदिवस माणूस दिसत नसे, तरी मला एकटे कधी वाटले नाही.

मग एका जूनमध्ये निशिकांत आणि त्याची अकरा वर्षांची मुलगी जाई आले. निशिकांत सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. त्याची बायको विनीता सहा महिन्यांपूर्वी वेगळी होऊन पुण्याला परत गेली होती. होडीत बापलेक एकमेकांशी फारसे बोलत नव्हते. जाई गळ टाकून पाण्याकडे बघत बसली होती.

दुपारी तिच्या गळाला भला मोठा सॅमन लागला.

"बाबा, फोटो काढ! आईला पाठवायचाय!" ती ओरडली.

वॉल्टर जाळे घेऊन उठला. त्याचा पाय घसरला, तो होडीच्या काठावर आपटला आणि त्याचा खांदा निखळला. होडी मोकळी सुटली. पुढे प्रवाहात एक झाड आडवे पडले होते.

"आता तू वल्हव," वॉल्टर दात आवळून निशिकांतला म्हणाला. "झाडाकडे तोंड ठेव आणि मागे ओढ. जोरात!"

निशिकांतने जन्मात वल्हे धरले नव्हते. त्याचे तळवे घामाने निसटत होते. तेवढ्यात मासा होडीखालून उलटा फिरला आणि गळाची दोरी माझ्या पात्याला गुंडाळली गेली. मला हलता येईना.

"जाई, दोरी काप! वॉल्टरचा चाकू घे!"

जाईने एकदा माशाकडे पाहिले. मग कापली. मी मोकळे झाले.

"राइट, बाबा! मोअर राइट!"

निशिकांतने सगळे अंग मागे टाकून ओढले. झाड हुकले, पण मी खडकावर आदळले आणि मोडले. वाहून जाणार होते. जाईने वाकून मला पकडले. वॉल्टरने सांगितल्याप्रमाणे निशिकांतने होडीच्या तळाशी बांधलेले जादा वल्हे काढून माझ्या जागी लावले. माझा जोडीदार लगेच त्याच्याबरोबर चालू लागला. तळाशी पडून मी ते पाहत होते.

काठावर उतरल्यावर वॉल्टरने मला निशिकांतच्या हाती दिले. "हे घरी ने. होडी तू आणलीस."

सिंगापूरला आल्यावर मी हॉलच्या भिंतीवर चढले. निशिकांत येईल त्याला गोष्ट सांगे. शेजारचा सुगत दर वेळी म्हणे, "बहाद्दर आहेस रे!" गोष्ट सुरू झाली की जाई उठून आपल्या खोलीत निघून जात असे. मला वाटे, तीच तीच ऐकून पोर कंटाळली असेल.

तीन वर्षांनी भिंतींना रंग दिला आणि मला जाड लोखंडी दाराच्या छोट्या खोलीत ठेवले. इथल्या फ्लॅटमध्ये अशी खोली बांधलेली असते युद्धासारख्या संकटात आसरा घ्यायला. लोक तिच्यात अडगळ भरतात. चार वर्षे मी तिथे जुन्या पंख्याला टेकून उभे होते. मधल्या काळात जाई शिकायला मेलबर्नला गेली, हे मला दाराआडूनच कळले.

गेल्या महिन्यात निशिकांतची नोकरी संपली. पुण्याला परतायचे ठरले. सामान बांधताना त्याने मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि जाईला व्हिडिओ कॉल लावला.

"हे बघ कोण! पुण्याला नेऊया ना?"

जाईने नजर स्क्रीनवरून वळवली. मग म्हणाली, "नको, बाबा. मला ते बघवत नाही."

"का गं? आपण वाचलो त्या दिवशी!"

"तू वाचवलंस. मी मासा सोडला." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटायचं, तो फोटो पाठवला असता तर आई परत आली असती. आय वॉज इलेव्हन, बाबा."

इतकी वर्षे निशिकांतने ती गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितली होती. होडीतल्या लेकीला मात्र त्याने ती कधी विचारलीच नव्हती.

त्याने मला बाजूला ठेवले आणि खोक्यांच्या मधे फरशीवर बसला. "आता तू सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

ती सांगू लागली. तो एकदाही मधे बोलला नाही.

कोणाला हवे असेल तर नेईल म्हणून काल त्याने मला खाली लिफ्टजवळ आणून भिंतीला टेकवले. माझ्या पात्यावरून हात फिरवला आणि गेला. माणसे येतात, जातात, मला वळसा घालून पुढे जातात. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, जपा. पण तुमच्या घरात एकच माणूस एखादी गोष्ट वारंवार सांगत असेल, आणि दुसरे कोणी ती ऐकून मुकाट्याने उठून जात असेल, तर त्याच्यामागून जा. दारावर टकटक करा.