अंगात मुरलेला ताप

आमच्या देऊळघाटच्या मळ्यात वांगी, मेथी जशी दरसाल ठरलेली, तसा भादव्यातला हिवतापही ठरलेला. माही सासू मंजुळाबाई म्हणे, "माह्या लेकरायच्या अंगात ताप मुरला हाये. लहानपणी दरसाल आला, आता येते अन् दोन दिसात हात जोडून जाते." खोटं नव्हतं ते. माहा नवरा मोतीराम ताप अंगावर घेऊन मोट हाके. मी चिखलीची, मले ह्या तापाची सवय नाही. लग्न होऊन आली त्या साली तापानं मरता मरता वाचली, तवा हीच सासू माह्या उशाशी बसून होती. बाई वाईट नव्हती. हट्टी होती, बस!

महाराष्ट्र होऊन पाच-सात वर्षं झाली असतील. माही नणंद गीता पयल्या बाळंतपणाले माहेरी आली. जवाई पुण्याच्या कारखान्यात, म्हणून लग्नापासून चार वर्षं ती तिकडंच. सातवा महिना, अन् तोंडावर असं तेज की मी रोज दृष्ट काढावी. महिना गेला नाही त पोरीले थंडी भरली. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजून राह्यले.

"आत्याबाई, सहदेवले बोलावू," मी म्हटलं. सहदेव म्हणजे मलेरियावाला. सरकारकडून गावोगाव फिरे, ताप असला त बोटाले सुई टोचून काचेवर रक्त घे अन् कडू गोळ्या दे.

"काऊन?" सासू उखडली. "पहिलटकरणीचं रक्त परक्याच्या हाती द्याचं? अन् त्या गोळ्या गरम. पोट पडन पोरीचं! तिचा ताप मुरलेला हाये, जाईन आपोआप."

कशाचा जाते! पोरगी अंथरुणाले खिळली. तशात सहदेव आपल्या फेरीवर दारात आलाच. "घरात कोणाले ताप?"

सासू उंबऱ्यात आडवी झाली. "कोणालेच नाही बाप्पा."

आत गीता कण्हून राह्यली, अन् ही उंबऱ्यात हसून राह्यली! माहं डोकंच फिरलं. सासूच्या मागूनच मी ओरडली, "खोटं बोलतात ह्या! गीताले ताप हाये. डोळे पिवळे झाले तिचे!"

सहदेव आत आला. गीताच्या कपाळाले हात लावला अन् पिशवीतली सुई त्यानं काढलीच नाही. "गाडी जुंपा," म्हणाला. "बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या, आताच्या आता."

मोतीरामनं बैल जुंपले. वाटभर सासू मले बोलत होती, "घर चव्हाट्यावर आणलं व तू!" पण गीताचं डोकं तिनं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

गीता वाचली. पोरगा झाला, दिवस भरायच्या आधी. रडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाले व्हरांड्यात बसवलं. सासू एकच विचारे, "ताप त मुरलेला होता ना साहेब? मंग असं काऊन झालं?"

"बाई, तुमचं अर्धं खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "रक्तात राखणदार असतात. ताप आला की एक राखणदार दुसऱ्याला खबर देतो. दुसरा ती ध्यानात ठेवतो अन् पुढच्या खेपेला तयार असतो. पण ताप वरचेवर येत राहिला, तरच ती ओळख टिकते. पोरगी चार वर्षं बाहेर होती, ओळख पुसट झाली. त्यात पहिलटकरणीच्या, बाळाला पोसणाऱ्या वारेत हा ताप जाऊन लपतो. ती जागाच नवी. तिथल्या तापाची तिच्या अंगाला ओळखच नव्हती." मग आम्हाले बरं वाटावं म्हणून म्हणाले, "आता ओळख झाली. पुढच्या बाळंतपणाला तिचं अंग जास्त सावध राहील."



"म्हणजे माहा नातू," सासू म्हणाली, "वळख करून द्यापुरता आलता का, साहेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सासूले सुनवाचं म्हणून मी रातभर काय काय जुळवून ठेवलं होतं! त्यातलं एकही आठवलं नाही, अन् मले हुंदका आला. माय व, कशी दिसत होती ती म्हातारी!

तेवढ्यात आतून गीतानं हाक मारली. "आई!"

"तू जाय कोकिळे," सासू भिंतीले टेकली. "मले तोंड नाही."

"तिनं आईले हाक मारली, भावजयीले नाही," मी म्हटलं. "उठा."

अन् दंडाले धरून तिले उठवलं.