दुकानातली चुन्याची रेघ

शनिवारी दुपारी कंपनीच्या दुकानात भांडण झालं नाही, तर पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या लोखंडभट्टीच्या गावाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं! अख्ख्या गावाला दुकान एकच आणि भांडणही एकच: आधी कोण?

खरं तर त्याचा निकाल केव्हाच लागलेला. दारापासून चार पावलांवर, जमिनीच्या फळ्यांवर चुन्याची रेघ होती. भट्टीवरच्यांच्या बायका रेघेच्या आत, गल्ल्यापाशी. जंगलात लाकडं रचून भट्टीसाठी कोळसा पाडणाऱ्यांच्या बायका रेघेबाहेर, दारात. आतल्यांचं सगळं घेऊन झालं की मग बाहेरच्यांचं. ह्या कोळसेवाल्यांच्या बायका दारात पाऊल ठेवताच बाह्या झटकायच्या, आणि आतल्या बायका खुसखुसायच्या, "आल्या बघा पंख फडफडवत!"

लव्हिनिया केम्परला यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटेल कसं? तिचा नवरा भट्टीचा मुख्य कारागीर, म्हणजे तिचा नंबर कायम पहिला! त्या शनिवारीही ती आली ती थेट गल्ल्यापाशी.

"एफ्राइम, जवसाचं तेल द्या हो. कपाट चकचकीत करायचंय. उद्या दीर जेवायला येतायत, पाद्री आहेत ना, त्यांना धूळ खपत नाही."

"शेवटची बाटली आहे, बाई," दुकानदार दात काढत म्हणाला. "तुमच्याच नशिबाची."

"ती मला हवीय!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दारात डॉर्कस होती, कोळसेवाल्या एनॉसची बायको, भुकटीने नखशिखान्त माखलेली. आणि बोलता बोलता बाई रेघ ओलांडून सरळ आत!

"ए, मागे हो!" एफ्राइम ओरडला. "रेघ दिसत नाही का?"

"तासभर तीच बघतेय! दोनदा सांगितलं दारातून, कुणी ऐकलं? एनॉस मातीने लिंपलेल्या, आतून धुमसणाऱ्या ढिगावर चालून बघत होता, आत कुठे पोकळ झालंय ते. पाय आत गेला, पार मांडीपर्यंत! तेल आणि चुन्याची निवळी लावली नाही तर पाय सडेल त्याचा."

"नवरे आमचेही भाजतात," लव्हिनिया फणकारली. "आम्ही तमाशे करत नाही. आणि बाटली मी घेतलीय."

"हिला बघून पाद्रीबुवांचं जेवणच राहील!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका खो खो हसल्या.

खिळ्यांच्या पिंपावर हुल्डामावशी बसली होती. आधीच्या दुकानदाराची म्हातारी बायको, कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. तिने काठी आपटली.

"एफ्राइम, ही रेघ कुणी आखली रे?"

"मालकांनी! दर वर्षी मी स्वतः नव्याने ओढतो."

"मालकांनी? अरे गाढवा, मी आखली!"

मावशीने काठीने रेघ दाखवली.

"इथे तेव्हा बंदुकीच्या दारूची पिंपं असायची. कोळसेवाले थेट पेटत्या ढिगावरून यायचे. एकदा एकाच्या बाहीतली ठिणगी पिंपाला चाटून गेली! म्हणून म्हटलं, बाबांनो, दारात थांबा, बाह्या झटका आणि मग आत या. बस्स! आत आल्यावर ज्याचा नंबर त्याला माल."

"आणि मग?" डॉर्कसने विचारलं.

"मग काय! दारू ओढ्यापलीकडच्या दगडी खोलीत गेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. रेघ पुसायची मात्र राहिली. आणि ह्या शहाण्यांनी ठरवलं, रेघेबाहेरचे ते हलके!"

"ते काही असो," लव्हिनिया म्हणाली, पण आवाज खाली आला होता. "तेल मी आधी मागितलं."

"आधी? ही तासभर उभी आहे, तू आत्ता आलीस. आधी म्हणजे काय, हे तुला घड्याळ सांगतं की नवऱ्याचं पद?"

लव्हिनियाने बाटली छातीशी धरली. समोर डॉर्कसने बाटलीसाठी हात पुढे केले, आणि सवयीने आधी बाह्या झटकल्या. एरवी इथे हशा पिकला असता. आज कुणी हसलं नाही. अरे देवा! आपण जिला जंगली खोड म्हणून हसत आलो, ती ह्या लोकांनी दुकानातल्या सगळ्यांचा जीव सांभाळायला लावून घेतलेली सवय होती!

लव्हिनियाने बाटली पुढे केली. "घे."

डॉर्कस हलली नाही. "उपकार म्हणून देत असाल तर ठेवा तुमच्याकडे."

लव्हिनियाचे कान तापले. सगळं दुकान बघत होतं.

"उपकार नाही," ती कशीबशी म्हणाली. "तुझा नंबर होता. मी मध्ये घुसले."

डॉर्कसने बाटली घेतली, आभार मानले नाहीत, धावत सुटली. आभार कशाचे मानायचे?

पुढच्या शनिवारी लव्हिनिया रांगेत सहावी उभी राहिली. तिच्याच मैत्रिणींनी नाकं मुरडली, एफ्राइम आठवडाभर तिच्याशी धड बोलला नाही. एनॉसचा पाय वाचला, थोडा लंगडतो एवढंच.

मित्रांनो, अशा रेघा आपल्या घरात आहेत, ऑफिसात आहेत, गावात तर आहेतच! कुणीतरी कधीतरी कशासाठी तरी आखलेल्या. कारण केव्हाच निघून गेलं, आणि आपण मात्र दर वर्षी नव्याने चुना ओढतोय. एखाद्याला मागे उभं करण्याआधी विचारा तरी, ही रेघ कुणी आखली आणि कशासाठी? आणि उत्तर सापडलं नाही, तर निमूटपणे रांगेत आपल्या नंबरावर जाऊन उभे राहा!