दुसरा ब्रेक

गाडी गल्लीतून बाहेर पडायच्या आत मास्तरांनी दोन-चारदा ब्रेक दाबला. अडचण एवढीच, की त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता. नुसती रबरी चटई होती, आणि तिच्यावर त्यांचा बूट थप थप आपटत होता. गाडी चालवणाऱ्या लेकीने पहिल्यांदा कानाडोळा केला, मग ओठ आवळले. मागच्या सीटवर गाद्यांची वळकटी आणि भांड्यांचं खोकं ह्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेल्या मास्तरीणबाई मात्र बोलल्याच.

"अहो, चटईला भोक पाडाल! गाडी पोरीची आहे, शाळेची नाही."

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. शिकवणीच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी असतो आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. त्या दुसऱ्या ब्रेकवर ह्यांचा जन्म गेला. निम्मं गाव त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं. तो ब्रेक ते इतक्या हलक्या पायाने दाबत, की शिकणाऱ्याला वाटे आपणच दाबला. एखादी घामाघूम झालेली सून खांबाच्या जरा अलीकडे थांबे आणि हरखून ओरडे, "मास्तर, जमलं की मला!" मास्तर म्हणत, "जमणारच." खरं काय ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. हा त्यांचा मोठेपणा, आणि थोडी मिजासही.

रोज पहिल्या शिकवणीआधी ते हात जोडून मोठ्याने म्हणत, "देवा, गाडी तुझ्या हवाली." आणि तेवढ्यात पाय ब्रेकवर ठेवून मोकळे होत. बाईंनी हे एकदा खिडकीतून पाहिलं, आणि त्यांना जन्मभर चिडवायला विषय मिळाला. "हवाली केलीत ना? मग देवाला जरा चालवू द्या की!"

पुढे डोळ्याने दगा दिला. एका डोळ्यावर धूसर पडदा आला तो हटेना. डॉक्टरांनी शिकवायला मनाई केली, शाळा बंद पडली, दोन ब्रेकची गाडी दुसऱ्या कोणी नेली. लेक डोंगरापलीकडच्या शहरात इस्पितळात नर्स. तिने "माझ्याकडे या" म्हणून मागे लकडा लावला. मास्तर हो म्हणाले खरे, पण ते तोंडदेखलं. निघताना जिन्यात घरमालकाला गाठून ते कुजबुजले होते, "खोल्या संध्याकाळपर्यंत कोणाला देऊ नका. मी फोन करतो." घाटात पोरीची गाडी एकदा जरी डगमगली, तर पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि परतीची बस धरायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. ज्या गाडीला आपल्या पायाखाली ब्रेक नाही, त्या गाडीत आणि त्या घरात उरलेलं आयुष्य काढायचं म्हणजे काय, ह्या विचाराने त्यांना रात्री झोप लागत नव्हती.

पोरीला गाडी शिकवायलाही त्यांनीच घेतलं होतं. पण तिचा पाय ब्रेककडे वळेपर्यंत ह्यांचा पोचलेला असे. इतरांना कळत नसे, तिला मात्र बरोबर कळे. एक दिवस ती रडत गाडीतून उतरली ती पुन्हा बसली नाही. नोकरीच्या गावी जाऊन परक्या माणसाकडून शिकली. ह्यावर घरात कोणी बोलत नसे.

घाट लागला आणि धुकंही लागलं.

"आरशात बघ. गिअर उतरव. पुढच्या ट्रकला इतकं चिकटू नको. हॉर्न दे, हॉर्न!"

"बाबा, दिसतंय मला."

"मला दिसत नाहीये ना, म्हणून सांगतोय," मास्तर म्हणाले. सकाळपासून त्यांनी बोललेलं हे सगळ्यात खरं वाक्य होतं.

एका वळणावर समोरून दुसरा ट्रक आला. मास्तरांच्या अधू डोळ्याला तो थेट अंगावर येताना दिसला. पाय चटईवर आपटला. काहीच झालं नाही. तेव्हा त्यांचा हात गेला आणि त्यांनी हँडब्रेक खसकन ओढला.

गाडीचं मागचं अंग कडेच्या कठड्याकडे फेकलं गेलं. बाईंच्या मांडीवरचा डबा उडाला. लेकीने स्टिअरिंग फिरवून कशीबशी गाडी सावरली आणि आतल्या बाजूला, डोंगराला चिकटून उभी केली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. तो आपल्याच बाजूने चालला होता.

लेकीने इंजिन बंद केलं. ओरडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही मागे बसा."

बाई पुढे आल्या आणि मास्तर मागे बसले. शरमेने त्यांना मान वर करवेना. आज आपण आपल्याच माणसांना दरीत घातलं असतं, हे त्यांना लख्ख कळलं होतं. मागे पाय ठेवायलाही जागा नव्हती, खाली सगळी भांडी. शेवटी बूट काढून ते मांडी घालून बसले. समोर बाईंच्या सीटची पाठ, आजूबाजूला धुकं.

"मला पुढचं काही दिसत नाही," ते पुटपुटले.

बाईंनी मान वळवली. "शिकायला येणाऱ्यांना तुमचा पाय दिसायचा का?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणायचात, मी आहे, चालव. ती बिचारी चालवायची. कोणी वाकून बघितलं, मास्तरांचा पाय आहे का जागेवर? तुम्हाला मात्र देवाने आधी पाय दाखवायला हवा!"

गाडी निघाली. वळणावळणाला त्यांचा मांडीतला पाय आखडत होता. त्यांना ती घामाघूम सून आठवली. मग स्वतःची शाळा काढली तो दिवस आठवला, तान्ह्या लेकीचा ताप उतरला ती पहाट आठवली. दर वेळी आपणही तेच म्हटलं होतं, जमलं की मला! शेजारी कोण बसलं होतं, ह्याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. त्यांनी हात जोडले. "देवा, गाडी तुझ्या हवाली," ते इतक्या हळू म्हणाले, की पुढे ऐकू गेलं नाही. आज पाय ठेवायला काही नव्हतं.

उतार सुरू झाला होता. एका वळणाच्या तोंडाशी गाडी मंदावली आणि अलगद थांबली. धुकं जरा सरकलं. कपाटाएवढा दगड वरून सुटून रस्त्यात पडला होता. एका बाजूने गाडी जाईल एवढीच वाट उरली होती.

"अगं बाई!" मास्तरीणबाईंनी छातीवर हात ठेवला. "तुला दिसला होता?"

"नाही गं. थांबल्यावर दिसला. त्याआधीच पाय ब्रेकवर गेला होता, का ते नाही सांगता येत." लेकीने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा लहान पोरीसारखा उजळला होता. "जमलं की मला, बाबा!"

'जमणारच' हा शब्द मास्तरांच्या ओठांवर आला आणि तिथेच अडला. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही मोज्यांतले पाय सीटवर, मांडीत होते. त्यांचे डोळे भरून आले.

"मी नव्हतो हं, पोरी," ते म्हणाले. "माझे पाय वर आहेत."

"माहीत आहे. तुमचा पाय मला कळला असता."

ती दगडाला वळसा घालून पुढे आली. घाट उतरत आला तशा बाई समोर बघतच म्हणाल्या, "आता त्या घरमालकाला फोन करून टाका. ताटकळला असेल."

मास्तर चपापले. "तुला कोणी सांगितलं?"

"त्याच्या बायकोने. तुम्ही जिना उतरायच्या आत."

लेक खुदकन हसली. मास्तरांनी निमूटपणे फोन लावला. "हो, मीच. खोल्या देऊन टाका. नाही नाही, आजच द्या."

फोन ठेवतात तोच गाडी पुढच्या वळणावर जरा जोरात वळली, आणि पुढे बाईंच्या पायाखालून आवाज आला, थप!

"अगं," मास्तर मांडी न मोडता म्हणाले, "चटईला भोक पाडशील."